पाच व्होल्टांचं आवर्तन

मे सरत आला की भंडारदऱ्याच्या परिसरात काजव्यांचा मोसम सुरू होतो. घाटघर, रतनवाडी, पांजरे, उडदावणे, मुरशेत या गावांच्या शिवारातली हिरडा, बेहडा, सादडा, जांभळाची झाडं रात्री लुकलुकायला लागतात आणि पाठोपाठ कॅमेरे घेतलेली माणसं येतात. काजव्यांनी भरलेल्या झाडाचा फोटो बहुतेक वेळा एकटा फोटो नसतो. कॅमेऱ्याचा पडदा काही सेकंद उघडा ठेवून एकामागोमाग घेतलेल्या कितीतरी फोटोंची ती बेरीज असते. रात्रभरात मेमरी कार्ड भरून जातं. मग मुक्कामाच्या घरी लॅपटॉप उघडायचा, बॅगेतून तळहाताएवढी हार्ड डिस्क काढायची, एक वायर जोडायची आणि सगळे फोटो तिच्यात उतरवायचे. वळवाच्या पावसानं गावातली वीज गेलेली असली तरी हे काम अडत नाही.

का अडत नाही? त्या डबीला चार्जर नाही, बॅटरी नाही, भिंतीतल्या सॉकेटशी तिचा संबंधच नाही. आणि आत काय चाललंय पाहा. साधारण साडेसहा सेंटिमीटर रुंदीची गुळगुळीत तबकडी मिनिटाला ५,४०० फेरे घेते आहे, म्हणजे सेकंदाला ९०! तिच्या कडेचा वेग ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास पोचतो. तबकडीवर वाचन-लेखन करणारं इवलंसं टोक तिला न टेकता, केवळ काही नॅनोमीटर उंचीवर, फिरत्या तबकडीनं ओढून आणलेल्या हवेच्या थरावर तरंगतं आहे. माणसाचा केस त्या फटीच्या हजारो पट जाड. एवढा सगळा कारभार चालवणारी वीज येते कुठून? ज्या बारीक वायरीतून तुमचे फोटो वाहताहेत, तिच्यातूनच.

किती वीज? आकडा ऐकून आश्चर्य वाटेल. जुन्या यूएसबी पोर्टमधून मिळायची ती जास्तीत जास्त २.५ वॅट. सेकंदाला एक लिटर पाणी एका वितीवरून खाली पडलं, तर त्या पडण्यात जेवढी ताकद असते, तेवढीच! २००८ मध्ये आलेल्या यूएसबी ३.० नं ती ४.५ वॅटवर नेली. म्हणजे तेच पाणी आता वितीऐवजी दीड फुटावरून.

पाण्याचा हिशेब मुद्दामच मांडला. भंडारदऱ्यासारखी जागा असताना वीज समजून घ्यायला दुसरीकडे कुठे जायचं?

प्रवरा नदीवरचं इथलं धरण १९१० साली बांधायला घेतलं आणि १९२६ साली पूर्ण झालं. दगडी बांधकाम, उंची सुमारे ८२ मीटर. मुंबई प्रांताचे तेव्हाचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्यावरून ते विल्सन धरण झालं. अकरा टीएमसीचा जलाशय मागे डोंगरांच्या कुशीत पसरलेला असतो. पण भिंतीच्या तळाशी पाण्याचा जो दाब असतो, त्याला या पसाऱ्याशी काही देणंघेणं नाही. तो ठरतो फक्त खोलीवर. दर दहा मीटर खोलीमागे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलोचा भार वाढतो. मग मागे तळं असो की समुद्र. विजेच्या जगातला हा दाब म्हणजे व्होल्ट. दरवाजा उघडल्यावर सेकंदाला किती पाणी वाहतं, तो अँपिअर. आणि दाब गुणिले प्रवाह म्हणजे वॅट, प्रत्यक्ष काम करण्याची ताकद. भिंतीच्या पायथ्याशी वीज तयार होते ती याच गुणाकारातून.

लॅपटॉपच्या पोर्टवरचा दाब ठरलेला असतो, ५ व्होल्ट. इथेच पहिली करामत आहे. धरणातली पातळी उन्हाळ्यात उतरते, तसा तळाचा दाबही उतरतो. लॅपटॉपची बॅटरीही वापरता वापरता उतरत जाते, पण पोर्टवरचे ५ व्होल्ट हलत नाहीत. आतलं एक छोटं सर्किट बॅटरीची वीज सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद करतं आणि हे तुकडे जोडून सपाट, शांत असे ५ व्होल्ट तयार करतं. बॅटरी थकायला लागली की ते चालू-बंदचं प्रमाण बदलतं. डिस्कला पत्ताही लागत नाही.

आता खरी मौज. दाब तयार आहे म्हणून कुणीही यावं आणि हवं तेवढं ओढावं, असं चालतं का?

प्रवरेच्या पाण्याचं विचारा. भंडारदऱ्यातून सुटलेलं पाणी नदीनं ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथून डाव्या-उजव्या कालव्यांनी संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीच्या शेतांकडे जातं. आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, सुटायच्या आधी शेतकरी नमुना नंबर सातचा अर्ज भरतो: माझं क्षेत्र एवढं, पीक हे, पाणी इतकं लागेल. धरणात किती आहे ते पाहून मंजुरी मिळते, मग पाटकरी चारीचं दार उघडतो. मागणी, मंजुरी, मग पाणी.

तुमची डिस्क लॅपटॉपला जोडल्यावर पहिल्या क्षणभरात नेमकं हेच घडतं, अर्जासकट!

आपण ते टप्प्याटप्प्यानं पाहू. यूएसबीचा जुना, चौकोनी प्लग हातात घ्या आणि आत डोकावा. चार सोनेरी पट्ट्या दिसतील. नीट निरखलं तर कडेच्या दोन पट्ट्या मधल्या दोघींपेक्षा टोकाकडे जरा पुढे आलेल्या आहेत. कडेच्या विजेच्या, मधल्या माहितीच्या. प्लग आत सरकताना आधी वीज भेटते, माहिती नंतर. बाहेर काढताना उलट: आधी बोलणं थांबतं, मग वीज तुटते. उपकरण कधीही अर्धवट जागं असताना बोलू नये, याची सगळी तजवीज पट्टीच्या लांबीतल्या एवढ्याशा फरकानं करून ठेवली आहे. लॅपटॉप चालू असताना आपण बिनदिक्कत वायर घालतो-काढतो, ते या लांबीच्या जिवावर.

वीज पोचली, पण मंजुरीपूर्वी उपकरणानं १०० मिलिअँपिअरपेक्षा जास्त ओढायचं नाही, असा नियम आहे. नमुना सात भरायला पेन उचलता येईल, इतकीच ही सवड. तेवढ्या बळावर डिस्कच्या डबीतली एक चिप जागी होते आणि ‘मी आले’ असं सांगते. कसं सांगते? माहितीच्या एका तारेला दीड हजार ओहमच्या रोधातून किंचित वर ओढून ठेवते, बस्स. काही पैशांचा हा रोध दोन गोष्टी एकाच वेळी कळवतो: कुणीतरी आलंय, हे एक; आणि दोनपैकी कुठली तार वर ओढली आहे त्यावरून, आलेलं उपकरण संथ आहे की वेगवान.

लॅपटॉप विचारतो, तू कोण? चिप आपली कुंडली पाठवते. कंपनी कुठली, उपकरण कोणत्या जातीचं, आणि त्यातच एक आकडा: मला किती वीज लागेल. हा आकडा एका बाइटचा. त्यात फार तर २५५ पर्यंत मोजता येतं. मग ५०० मिलिअँपिअर कसे लिहायचे? अगदी सोपं, दोन-दोनच्या मापानं मोजायचं. चिप २५० लिहिते, लॅपटॉप त्याचे ५०० वाचतो. शिल्लक असेल तर मंजुरी जाते, नसेल तर पडद्यावर सूचना येते की या पोर्टकडे एवढी वीज नाही. हा सगळा व्यवहार तुमचा हात प्लगवरून दूर होईपर्यंत बहुधा उरकलेला असतो.

ही रीत १९९६ सालची. इंटेलमध्ये काम करणारे, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट आणि त्यांचे सहकारी यांनी इतर कंपन्यांच्या तज्ज्ञांबरोबर ती घडवली. त्याआधी प्रिंटरची खाच वेगळी, माऊसची वेगळी, मोडेमची वेगळी. नवं काही जोडलं की संगणक बंद करून पुन्हा चालू करायचा, आणि बहुतेक उपकरणांची वीज ज्याची त्यानं आणायची. त्या गोंधळातून चार तारांची एकच वायर निघाली: दोन तारा बोलण्यासाठी, दोन जेवण्यासाठी.

पण त्या वेळी त्यांच्या डोळ्यांसमोर होते ते माऊस आणि कीबोर्ड. फिरती तबकडी पोटात घेऊन येणारी डिस्क हा वेगळाच पाहुणा. तिची तहान विचित्र असते. एकदा गती पकडली की ती एक-दोन वॅटवर समाधानानं चालते. पण थांबलेल्या अवस्थेतून उठताना मात्र तिला एकदम दुप्पट-तिप्पट हवं असतं. असं का?

उत्तर मोटरच्या स्वभावात आहे. फिरती मोटर स्वतःही वीज निर्माण करत असते, आणि ती वीज येणाऱ्या प्रवाहाला सामोरी ढकलते. जितका वेग जास्त, तितका हा उलटा रेटा जास्त. त्यामुळे वेगात असलेली मोटर आपोआप कमी ओढते. थांबलेल्या मोटरकडे हा रेटा नसतोच. तिचं दार सताड उघडं असतं. म्हणून पहिल्या काही सेकंदांत अनेक छोट्या डिस्का एक अँपिअरच्या आसपास जातात. जुन्या पोर्टच्या मंजुरीच्या दुप्पट! तुमच्या डिस्कच्या पाठीवरची बारीक छपाई वाचा: ५ व्होल्ट आणि पुढे अर्ध्यापासून एकपर्यंत अँपिअरचा आकडा. तो या तहानेकडे पाहून छापलेला असतो.

मंजुरीपेक्षा जास्त ओढलं तर काय होतं? कित्येक पोर्टांच्या मागे एक विलक्षण फ्यूज बसवलेला असतो. प्लास्टिकसारख्या पदार्थात कोळशाचे सूक्ष्म कण मिसळलेले असतात आणि एकमेकांना टेकून ते विजेला वाट देतात. प्रवाह फार वाढला की पदार्थ तापून फुगतो, कण दूर होतात, वाट बंद. थंड झाला की आक्रसतो, कण पुन्हा भेटतात, वाट खुली. वितळत नाही, बदलावा लागत नाही. शिवाय त्याला तापायला थोडा वेळ लागतो, आणि उठू पाहणाऱ्या डिस्कला नेमका तेवढाच वेळ हवा असतो. दुसरीकडे डिस्कमधली चिपही मोटरला हळूहळू वेग देत जाते. दोघांच्या समजुतीत काम निभावतं.

कधी निभावत नाही. मग डिस्कमधून टक्... टक्... असा आवाज येतो. तबकडी वेग घ्यायला जाते, वीज कमी पडते, चिप सगळं थांबवून नव्यानं सुरुवात करते, पुन्हा तेच. हा आवाज ऐकला की डिस्क गेली, अशी धास्ती बसते. कधीकधी ती खरंच बिघडलेली असते. पण आधी वायरीकडे पाहावं, कारण पाटाच्या शेवटच्या टोकाला बसलेल्या शेतकऱ्याचं दुखणं वायरीलाही असतं. वाटेत पाणी जिरतं. माहितीसाठी बनवलेल्या बारीक तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण दोन दशांश ओहम. जाण्याची एक आणि येण्याची एक मिळून मीटरभर वायरीत चार दशांशांहून थोडा जास्त. एक अँपिअर वाहू लागला की त्यात चार दशांश व्होल्ट संपले. पोर्टवर ५ होते, डिस्कच्या दारात ४.६ उरले. बहुतेक डिस्का ४.७५ च्या खाली कुरकुरायला लागतात. या हिशेबात लांबी अर्धी केली की गळतीही अर्धी. छोट्या डिस्कबरोबर वीतभर वायर का देतात, ते आता लक्षात आलं? तो काटकसरीचा भाग नाही, शेवटच्या टोकापर्यंत पाणी पोचवण्याचा बंदोबस्त आहे.

एका पोर्टची चार पोर्टं करणारा हब जोडला तर? त्याला स्वतःचा अडॅप्टर नसेल, तर जुन्या नियमाप्रमाणे तो लॅपटॉपकडून मिळालेल्या ५०० मिलिअँपिअरमधले १०० स्वतःला ठेवतो आणि उरलेले चौघांत १००-१०० वाटतो. माऊस-कीबोर्ड यावर सुखानं जगतात, डिस्क उपाशी राहते. म्हणून एके काळी डिस्कबरोबर दोन प्लगांची वायर मिळायची. एक प्लग बोलण्यासाठी आणि विजेसाठी, दुसरा शेजारच्या पोर्टमधून नुसती वीज आणण्यासाठी. नियमांच्या पुस्तकाला ही युक्ती मान्य नव्हती, पण तिनं कितीतरी डिस्का चालवल्या. टेबलावर ठेवायच्या मोठ्या, साडेतीन इंची डिस्कसाठी मात्र ही युक्ती कामाची नाही. तिच्या मोटरला १२ व्होल्टांचा दाब लागतो आणि पोर्टची खोली ५ व्होल्टांची. दोन उथळ पाट एकत्र आणले तर प्रवाह वाढतो, उंची वाढत नाही. म्हणून ती आपला अडॅप्टर बरोबर घेऊन येते.

मग एसएसडी घ्यावी, तिच्यात फिरणारं काहीच नाही, म्हणजे तहानही नसेल? इथे आणखी एक नवल दडलंय. १९८७ साली तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांच्या गटानं जगापुढे मांडलेल्या नँड फ्लॅशमध्ये प्रत्येक फोटो इलेक्ट्रॉनच्या कैदेतून बनतो. काचेसारख्या अतिपातळ थराच्या पलीकडे इलेक्ट्रॉन ढकलायचे आणि अडकवून ठेवायचे. वीज गेली तरी ते वर्षानुवर्षं तिथेच. पण तो थर पार करवायला २० व्होल्टांच्या आसपास दाब लागतो, आणि पोर्ट देतो ५, चिपपर्यंत पोचतात त्याहून कमी. तरीही चिप स्वतःच्या पोटात २० व्होल्ट तयार करते! आत इवल्याशा टाक्यांची एक रांग असते. प्रत्येक टाकी भरायची आणि आधीच्या टाकीच्या डोक्यावर चढवायची, अशानं दाब पायरीपायरीनं वाढत जातो. ही चढाई प्रत्येक लेखनाच्या वेळी होते. म्हणूनच वेगानं लिहिताना एसएसडी गरम लागते आणि काही वॅट सहज पिते.

पाणी वर चढवण्याचा विषय निघालाच आहे, तर भंडारदऱ्यापासून जवळच्या घाटघरला चला. तिथे सह्याद्रीच्या कड्यावर प्रवरेच्या पाण्याचा एक जलाशय आहे आणि सुमारे चारशे मीटर खाली, कोकणाच्या बाजूला शाही नाल्यावर दुसरा. विजेची मागणी वाढली की वरचं पाणी खाली सोडून २५० मेगावॅटपर्यंत वीज करायची. मागणी घटली की ग्रिडमधली वीज घेऊन तेच पाणी पुन्हा वर चढवायचं. १२५ मेगावॅटची दोन यंत्रं हे दोन्ही उद्योग करतात. वीज दिली की ती पंप, पाणी दिलं की जनित्र. फिरवलं तर वीज देतं आणि वीज दिली तर फिरतं, असं हे यंत्र.

आता श्वास रोखून ऐका. तुमच्या खिशातल्या हार्ड डिस्कमध्ये हेच घाटघर आहे.

समजा तबकडी पूर्ण वेगात आहे, टोक काही नॅनोमीटरवर तरंगतं आहे आणि कुणाचा तरी पाय वायरीत अडकला. प्लग निघाला, वीज शून्य. तबकडीचा वेग उतरू लागला की हवेचा थर विरणार आणि टोक त्या आरशासारख्या पृष्ठभागावर घासणार. टोकाला तिथून हलवून कडेच्या उतरंडीवर सुखरूप ठेवायला वीज हवी, आणि वीज तर नाहीच. मग ती येते कुठून?

तबकडीतून! ती अजून गरगरते आहे. मघाशी ज्या उलट्या रेट्यानं मोटरची तहान कमी केली, तोच रेटा आता कामाला येतो. चिप क्षणार्धात मोटरची जनित्र म्हणून जोडणी करते. थांबत चाललेली तबकडी वीज करते, ती वीज टोक धरलेल्या हाताला मिळते आणि हात टोकाला उतरंडीवर नेऊन ठेवतो. पहिल्या काही सेकंदांत पोर्टकडून उधार घेतलेली ताकद तबकडीच्या गतीत साठून राहिली होती. शेवटच्या क्षणी तिनंच डिस्कला वाचवलं. मात्र टोक वाचलं म्हणून फोटोही वाचले, असं समजू नका. लिहिण्याच्या वाटेवर असलेली माहिती वीज गेल्याबरोबर नाहीशी होते. म्हणून वायर काढण्याआधी लॅपटॉपला ‘इजेक्ट’ सांगायचं, हे पथ्य कधीही मोडू नये.

आज हे सगळं आणखी पुढे गेलंय. २०१४ मध्ये आलेल्या टाइप-सी पोर्टमध्ये काहीच जोडलेलं नसताना विजेच्या पट्ट्यांवर व्होल्ट नसतात. समोर ५,१०० ओहमचा एक रोध जाणवला की मगच पोर्ट दार उघडतो. तोच रोध प्लग सुलटा घातलाय की उलटा, हेही सांगतो. पोर्टही मग आपली ऐपत कळवतो: दीड अँपिअर किंवा तीन. त्याहून जास्त हवं असेल, तर दोन्ही टोकांच्या चिपांमध्ये रीतसर बोलणी होतात आणि खोलीसुद्धा वाढवून मिळते: ९, १५, २० व्होल्ट. २०२१ पासून थेट ४८ व्होल्ट आणि ५ अँपिअर, म्हणजे २४० वॅट.

एका वितीवरून पडणाऱ्या पाण्यापासून निघालेला हा प्रवास पंचवीसएक वर्षांत जवळजवळ शंभरपट झाला. खाचेचा आकार बदलला, तारा वाढल्या, व्होल्ट वाढले. १९९६ सालचं शहाणपण मात्र जसंच्या तसं टिकलं, आणि ताकद जितकी वाढली तितकं ते जास्तच लागायला लागलं: आधी अर्ज, मग मंजुरी, मग पाणी.